परदेशातून : अडीच वर्षांच्या मुलाला मुळाक्षरे कशासाठी?

आमच्या परभणीकडच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात काही आठवड्यांपासून एक वाद चालू आहे आणि तो वाचताना मला दर वेळी राग येतो. एका चुलत बहिणीचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. जूनमध्ये त्याला इंग्रजी शाळेच्या नर्सरीत घालायचे आहे आणि तिथे मुलाला समोर बसवून प्रश्न विचारतात असे कोणीतरी सांगितल्यापासून घरात भिंतीवर तक्ते लागले आहेत, चित्रांची कार्डे आली आहेत आणि त्याच्या घोकंपट्टीचे व्हिडिओ गटात फिरत आहेत. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या आमच्या मामांचे मत असे की तिसरे वर्ष संपण्याआधी एबीसीडी आणि मुळाक्षरे दोन्ही पाठ झाली पाहिजेत, नाहीतर मूल मागे पडते ते कायमचे. विरोधी पक्ष म्हणतो की इंग्रजी कशाला, मराठी शाळेतच घाला. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेरीस तो मागे घेतला गेला, तेव्हाही हीच मंडळी इतक्याच तावातावाने भांडत होती. भाषा कोणती, यावर शेकडो संदेश पडले. त्या मुलाशी दिवसभरात कोण, किती आणि काय बोलते, हे मात्र एकानेही विचारले नाही.

मला हा प्रश्न माध्यमाच्या वादाहून मोठा वाटतो. वाचनाच्या अभ्यासकांमध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेले एक साधे सूत्र मान्यता पावले आहे. वाचलेले समजणे हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: अक्षरे उलगडता येणे आणि बोललेली भाषा समजणे. हा गुणाकार असल्यामुळे दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. अक्षरे उलगडण्याचे काम सहाव्या-सातव्या वर्षी चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली नीट होऊ शकते. भाषेची समज मात्र जन्मापासून साठत जाते, आणि पहिली तीन-चार वर्षे ती जवळजवळ पूर्णपणे घरातच साठते. ज्या वयात घराने दुसरा आकडा वाढवायचा, त्याच वयात आपण पहिल्या आकड्यामागे धावतो आणि वर त्याला जागरूक पालकत्व म्हणतो.

त्यातही जे शिकवले जाते ते कसे, हे त्या व्हिडिओंमध्ये दिसते. 'अ अननसाचा' हे मूल तोंडपाठ म्हणते, पण परभणीच्या त्या गल्लीत त्याने सीताफळ पाहिले आहे, हरभऱ्याचा टहाळ आणि कापसाचे बोंड पाहिले आहे. अननस पाहिलेला नाही. 'ण बाणाचा' म्हणताना ण हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, मग बाण कशासाठी, हे त्याला कोणी सांगत नाही आणि त्या वयात सांगून उपयोगही नाही. देवनागरीची स्वतःची शिस्त आहे. तिच्यात अक्षराचे नाव आणि उच्चार एकच असल्यामुळे इंग्रजीतला एक मोठा घोळ टळतो, पण चिन्हांची संख्या फार मोठी आहे: बाराखडी धरली तरी शेकड्यांत जाते, जोडाक्षरे वेगळीच. ऱ्हस्व वेलांटी कागदावर आधी येते आणि उच्चारात नंतर. 'परभणी' हा शब्द टाळ्या वाजवत म्हटला तर मूल तीनच टाळ्या वाजवते, पर-भ-णी, आणि कागदावर मात्र अक्षरे चार दिसतात. सोनाली नाग यांनी कन्नडसारख्या अक्षरलिपीचा अभ्यास करून दाखवले आहे की ही चिन्हे पक्की व्हायला तिसरी-चौथीपर्यंतचा काळ लागतो. इतकी लांब वाट ज्या लिपीची आहे, तिथे अडीच वर्षांच्या मुलाने सहा महिने आधी निघून काय मिळवायचे? वेळ येईल तेव्हा सगळी वर्णमाला ओळीने घेण्याचीही गरज नाही. न, म, ग, क ही चार अक्षरे आणि काना एवढ्यावर नाक, कान, काका, मामा, मका, नाग, काम असे खरे शब्द मूल स्वतः लावू शकते. पण ते पाच-सहा वर्षांचे झाल्यावर.

मी जर्मनीत स्टुटगार्टला राहते. माझी लेक चार वर्षांची आहे आणि तिच्या किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, तिला एकही अक्षर शिकवलेले नाही. मॉर्गनक्राइसमध्ये, म्हणजे सकाळी सगळे गोल करून बसतात तेव्हा, गाणी होतात, कामिशिबाईवर, म्हणजे चित्रे सरकवायच्या लाकडी चौकटीवर, गोष्ट होते, नोव्हेंबरात कंदील घेऊन सांक्ट मार्टिन या संताची गाणी म्हणत सगळी मुले रस्त्यावर येतात, आणि यमके इतकी म्हणून घेतात की शब्दाच्या शेवटचा ध्वनी मुलांच्या कानाला आपोआप कळू लागतो. यू-सीबेनच्या, म्हणजे दोन वर्षांच्या मुलांच्या, तपासणीला आमच्या किंडरआर्त्स्टने, म्हणजे बालरोगतज्ज्ञाने, वजन-उंचीच्या नोंदीनंतर लेझेस्टार्ट या वाचन-उपक्रमाची पिशवी हातात दिली. तिच्यात जाड पानांचे एक पुस्तक होते आणि पालकांसाठी सूचना होत्या. शनिवारी ग्रंथालयात जावे तर तळाच्या खोक्यांमध्ये दोन वर्षांच्या मुलाच्या हाताला येतील अशी पुस्तके असतात. ती चावलेली असतात, कडा झिजलेल्या असतात, आणि तरीही ती परत घेतली जातात. आपल्याकडे 1967 च्या कायद्याने गावोगावी सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली, त्यांचा मला अभिमान आहे. पण मी पाहिलेल्या ग्रंथालयांत वर्तमानपत्रांचे टेबल आणि कुलूपबंद कपाटे होती, रांगणाऱ्या मुलासाठी काहीही नव्हते.

हे लिहिले की मामा लगेच विचारतील, मग तुमच्या जर्मनीत सगळी मुले वाचतात का? नाही वाचत. 2021 च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत इथल्या चौथीच्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुले किमान पातळीच्या खाली होती आणि सुमारे एक तृतीयांश घरांमध्ये लहान मुलांना क्वचितच वाचून दाखवतात. माझ्या मते ही आकडेवारी मामांच्या बाजूची नाही, माझ्याच बाजूची आहे: घरात जिथे बोलणे आणि वाचून दाखवणे कमी, तिथे शाळा कितीही चांगली असली तरी पुरी पडत नाही. उशिरा सुरुवात केल्याने नुकसान होते म्हणावे, तर न्यूझीलंडमध्ये सेबास्टियन सुगेट यांनी पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या वाचनात फरक उरला नव्हता. लवकर सुरुवात करूनही आपल्याकडे काय झाले, ते 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या 2024 च्या पाहणीत आहे: ग्रामीण भारतात पाचवीतल्या जवळपास निम्म्याच मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो.

लातूर पॅटर्नबद्दल मी कृतज्ञतेनेच बोलेन. मराठवाड्यातल्या माझ्यासारख्या अनेकींना त्याने बाहेरची दारे उघडून दिली. पण सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी घडवलेली ती शिस्त आता अडीच वर्षांच्या मुलापर्यंत खाली आणली जात आहे, आणि तिला विरोध करणाऱ्याला 'तुम्हाला तिकडे बसून काय कळणार' असे सुनावले जाते. प्राथमिक शाळेच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 ने मनाई केली आहे, हे मी गटात लिहिले, तेव्हाही हेच उत्तर मिळाले. हे परदेशी खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले आणि आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन गाणी, गोष्टी, माती आणि पानांफुलांवर शिक्षण उभे केले. अंगणवाडी ही कल्पना तिथे रुजली. देशभरची बालविकास योजना 1975 मध्ये आली. स्टुटगार्टच्या किटात जे चालते ते पाहून मला नवल वाटले नाही. ते आपल्याकडे आधीच झालेले होते, आपण त्याची किंमत ठेवली नाही एवढेच.

घरी करायचे काय, हे चुलत बहिणीने मला वेगळा फोन करून विचारले, आणि मला त्याचा आनंद झाला. मी तिला सांगितले की रोज दहा-पंधरा मिनिटे मुलाला मांडीवर घेऊन बस, पुस्तक कोणतेही असो. पान त्यालाच उलटू दे. वाचून संपवण्याची घाई करू नकोस. चित्रावर बोट ठेवून विचार आणि मग थांब. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे, कारण लहान मुलाला उत्तर जुळवायला आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि आपण त्याच्या आधीच बोलून टाकतो. तो 'गाडी' म्हणाला तर 'हो, बैलगाडी, आजोबांच्या शेतावर आहे तशी' असे त्याच्या शब्दाला आणखी दोन शब्द जोडून परत दे. तेच पुस्तक वीस वेळा मागितले तर वीस वेळा वाच. शब्द असेच मुरतात. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये अडीच वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांना नेमके हेच शिकवले, आणि महिनाभरातच ती मुले, नुसतेच वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा बोलण्यात स्पष्टपणे पुढे गेली. पुस्तके विकत आणणे जमत नसेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. आणि आपडी-थापडी, अडगुलं-मडगुलं ही घरातली संपत्ती आहेच. त्यातली यमके मुलाच्या कानाला तेच शिकवतात, ज्यासाठी शहरांत फोनिक्सच्या, म्हणजे ध्वनींवरून वाचन शिकवणाऱ्या, वर्गांची फी भरली जाते.

हा सल्ला प्रत्येक घराला सारखा लागू पडत नाही, हे मला ठाऊक आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, परभणी, धाराशिवकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा दोन वर्षांची मुलेही सोबत जातात. आगाऊ उचल घेतलेला कोयता, म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायकोचे जोडपे, पहाटे फडात उतरतो, आणि कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण असते. त्या आईला पंधरा मिनिटे पुस्तक धर म्हणणे मला शोभणार नाही. तिथे पुस्तक अंगणवाडीने न्यायला हवे, कारखान्याच्या तळावर, आणि ते त्या बहिणीच्या हातात द्यायला हवे. परंतु अक्षर न येणाऱ्या घरात भाषा नसते, हा समज मला सर्वांत जास्त खुपतो. निजामाच्या राज्यात माझे आजोबा उर्दूतून शिकले, आजीला सही करता येत नव्हती, आणि माझ्या लहानपणीच्या बहुतेक गोष्टी, कोडी आणि ओव्या तिच्याच तोंडच्या आहेत. मी पुढे वाचू लागले तेव्हा पुस्तकातले पुष्कळ शब्द मला आधीपासून ओळखीचे होते. चित्रांचे पुस्तक अशा आजीच्या हातात दिले तर ती ते मामांपेक्षा चांगले 'वाचेल', याची मला खात्री आहे.

आता या वादात मी इतकी का गुंतते, तेही सांगते. परभणीतल्या मुलाच्या घरात मराठी कमी पडली तर शेजारी आहेत, बाजार आहे, दुकानांच्या पाट्या आहेत, शाळा आहे. माझ्या लेकीसाठी मराठी घराच्या दारापाशी संपते. दोन वर्षांनी शुलट्यूटे, म्हणजे शाळेच्या पहिल्या दिवशी मिळणारा खाऊ-भेटींचा कागदी शंकू, घेऊन ती पहिलीत जाईल आणि जर्मनमधून वाचायला शिकेल. ती या गावाची आहे आणि तिने तसे असावे, असे मला मनापासून वाटते. मराठी वाचायला तिला मीच शिकवायची आहे, पण त्याआधी वाचण्याजोगी मराठी तिच्याजवळ असायला हवी, आणि ती देणारे माणूस इथे मी एकटीच आहे. गटातली मंडळी ज्या गोष्टीकडे फुकट मिळते म्हणून दुर्लक्ष करतात, ती मी इथे रोज थोडी-थोडी जमवते. 'तुम्हाला तिकडे काय कळणार' हे वाक्य मला लागते ते यामुळे.

रविवारी व्हिडिओ कॉलवर माझी आई तिला चित्रांच्या पुस्तकातून गोष्ट सांगते. सुरुवातीला आई फार जपून, पुस्तकी बोलत असे, कारण मी कॉलेजसाठी बाहेर पडले तेव्हा माझ्या मराठवाडी बोलण्याला लोक हसले होते हे ती विसरलेली नाही, आणि नातीच्या वाट्याला ते येऊ नये असे तिला वाटते. मी तिला सांगितले की इथे हसायला कोणी नाही, तू आपल्यासारखेच बोल. आता ती 'काय करायली गं माय?' असे विचारूनच पुस्तक उघडते, आणि लेक तिला जर्मन आणि मराठी मिसळून उत्तर देते.