शेजारचा फणस आपल्या कौलांवर आल्यास घ्यावयाची काळजी

सर्वप्रथम, आवाज झाला म्हणून घाबरून बाहेर धावू नये. वळीव येऊन गेलाय, लाईट गेलीय आणि माळ्यावरून आभाळ दिसतंय, एवढंच झालंय. फांदीबरोबर चार फणसही आत आले असतील. त्यांना हात लावू नये. ते शेजाऱ्यांचे आहेत.

मालकीचा हा विषय एकदा नीट समजून घ्या. फांदी तुमच्या छपरावर कितीही आत आलेली असो, तिला कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, धरल्या की ती शेजाऱ्यांची. भाजीपुरती कुयरी काढायला त्यांचा माणूस तुमच्या कौलांवर पाय देऊन चढतो, तेव्हा वहिवाट म्हणून गप्प बसायचं. पण 20-25 किलोचे फणस अंगावर घेऊन तीच फांदी वाऱ्यात मोडली की तिची मालकी त्याच क्षणी देवाकडे जाते. ‘वारं काय आम्ही सोडलं काय ओ?’ यावर तुमच्याकडे उत्तर नसतं.

पन्हळीतला पाचोळा रोज काढावा. व्यायाम होतो.

कंपाउंडला मुळांनी तडा दिला असेल तर त्यात मनीप्लांट लावा.

धोक्याची सूचना तोंडीच द्यावी, तीही हसत, चहा पिताना. चुकूनही लेखी देऊ नये. लेखी दिलं, पोच घेतली, फोटो काढून ठेवले, की धोका माहीत असूनही मालकानं काही केलं नाही हे उद्या कोर्टात दाखवता येतं आणि देवाची करणी लंगडी पडते. शेजारधर्माला हे शोभत नाही. तसंच पडायला आलेल्या झाडासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, हे कुणी सांगितलं तर ऐकलं नाही असं करा. घराचा विमा काढणं तर शुद्ध उधळपट्टी. 2021 पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळाचं आणि झाड पडून झालेलं नुकसान धरलेलं असतं, पण एवढं बारीक कोण वाचतो?

शेजारी मात्र वाचतात. फांदी उतरवा म्हटलं की त्यांना कर्नाटकाचा 1976 चा वृक्ष संरक्षण कायदा आठवतो. ‘वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते की ओ!’ जिवाला किंवा मालमत्तेला धोका असेल तर ती परवानगी नाकारता येत नाही, हे त्याच कायद्यात आहे. ते पान त्यांच्या प्रतीत नसतं. मग ऑफिसात तुम्ही जायचं. अर्ज मराठीत नेला तर काय होतं ते आपल्याकडे सांगायला नको. कन्नडमध्ये करून नेला तर ‘नाळे बन्नी’, म्हणजे उद्या या.

दावा लावायचा विचार असेल तर आपण कुठे राहतो ते आठवा. 1956 पासून महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीच्या वादात जन्म काढलेली सीमाभागातली माणसं आपण. महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून आहे. तुमच्या कंपाउंडचा निकाल नातवानं वाचला तरी पुष्कळ.

कौलांचं म्हणाल तर जुन्या मंगळुरी कौलाची खाच नव्या कौलात बसत नाही. म्हणून कुणाचं जुनं घर पाडताहेत का, यावर डोळा ठेवून गावभर हिंडावं. तोवर ताडपत्री. ताडपत्रीवर साचलेलं पाणी रात्री उठून काठीनं ढकलायचं असतं, हळूच, नाहीतर सगळं एकदम माजघरात येतं.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे अण्णा येतील. त्यांना नुकसान बघायला आले आहेत असं समजू नये. आमच्याकडे आले ते सुताराला घेऊन. फणसाचं लाकूड, आत हळदीसारखं पिवळं, चौकटीला एक नंबर. माझे दोन वासे मोडलेत, कोनवासा चिरलाय, गाद्या उन्हात टाकल्यात, बायको सुपात काचा आणि खापऱ्या भरतीय, आणि हा माणूस फांदीला टेप लावून मोजतोय! ‘दोन चौकटी निघतील,’ सुतार म्हणाला. अण्णा खूश. रात्री देवाची असलेली फांदी सकाळी पुन्हा त्यांची झाली होती. वर मला म्हणतात, ‘कौलांचे तुकडे तेवढे बाजूला करून घ्या की, करवतीला लागतात.’

करवतीला लागतात! आमच्या डोक्यात पडली असती तर चाललं असतं?

बस्स झाली थट्टा. अण्णा, झाड तुमचं, फणस तुमचे, लाकूड तुमचं, तर फुटलेली कौलंही तुमचीच. वासेसुद्धा आणि सुताराची मजुरीसुद्धा. झाड तोडा असं कुणीही म्हणत नाही, मीही नाही. दरवर्षी पावसाच्या आधी माणूस लावून जड फांद्या हलक्या करायच्या, एवढंच काम होतं आणि तेवढा पैसा तुमच्याकडे नक्की आहे. आणि गल्लीतले जे शहाणे मला ‘जाऊ द्या, शेजारी आहेत’ सांगायला आले, त्यांनी आधी आपापल्या छपरावर काय लोंबतंय ते बघावं. शेजारी मीही आहे. मला सांभाळून घ्यायला कोण आलं?

टाकीवरची दुसरी फांदी अजून तशीच आहे. मृग लागायच्या आत ती उतरवा, तुमच्या खर्चानं. अर्ज टाईप करून ठेवलाय, मराठीत आणि कन्नडमध्ये. तारीख तेवढी घालायची राहिलीय.