‘ईटिंग राऊल’: सभ्य जोडप्याचा आचरट चित्रपट

विनोद आचरट आहे, म्हणून चित्रपट टाकाऊ आहे, हा निकाल बहुतेक वेळा बरोबर ठरतो. दिग्दर्शक पॉल बार्टेल यांच्या ‘ईटिंग राऊल’ला (म्हणजे ‘राऊलला खाताना’) मात्र तो लावता येत नाही. 1982 सालच्या या तुटपुंज्या पैशांत काढलेल्या अमेरिकन चित्रपटात खून आहेत, प्रेतांची विक्री आहे, नरमांसभक्षण आहे आणि लैंगिक विकृतींची यथेच्छ थट्टा आहे. एवढे सगळे असूनही पडद्यावर कोणी आरडाओरडा करत नाही, रक्ताचे पाट वाहत नाहीत आणि मुख्य जोडप्याच्या कपड्यांची इस्त्रीसुद्धा मोडत नाही. माझ्या मते चित्रपटाचा सगळा जीव या इस्त्रीत आहे. (शेवट आधीच फोडला अशी तक्रार कोणी करू नये, दिग्दर्शकाने तो नावातच फोडून ठेवला आहे.)

लॉस एंजेलिसमध्ये राहणारे पॉल आणि मेरी ब्लँड हे एक सोवळे जोडपे. दोघांचे पलंग वेगळे, शरीरसंबंधांची दोघांनाही शिसारी, आणि आयुष्यात एकच स्वप्न, ते म्हणजे स्वतःचे एक छानसे रेस्टॉरंट काढण्याचे. पॉल दारूच्या दुकानात नोकरी करतो आणि उंची फ्रेंच वाइनच्या प्रेमापायी ती गमावतो. मेरी इस्पितळात काम करते. बँक कर्ज देत नाही. शेजारी मात्र जोडीदारांची अदलाबदल करणाऱ्या मंडळींच्या पार्ट्या रंगात आलेल्या असतात आणि त्यांच्या खिशांत पैसा खुळखुळत असतो. त्यांच्यातला एक जण घरात घुसून मेरीच्या अंगचटीला येतो, पॉल त्याच्या डोक्यात फ्राइंग पॅन घालतो, माणूस मरतो, आणि मग त्याचे पाकीट उघडल्यावर दोघांच्या लक्षात येते की भांडवल उभे करण्याचा एक मार्ग आपल्याला सापडला आहे. मेरीच्या नावे शरीरसुखाची जाहिरात द्यायची, गिऱ्हाईक घरी आले की त्याच्या डोक्यात पॅन घालायचा, आणि पैसे काढून घ्यायचे.

येथून पुढे चित्रपट ज्या थंडपणे चालतो त्याला तोड नाही. एके ठिकाणी मेरी पॉलला नवा फ्राइंग पॅन आणायला सांगते, कारण ज्या पॅनने माणसे मारतो त्यातच स्वयंपाक करणे तिला बरे वाटत नाही. मेरी झालेली मेरी वोरोनोव हे वाक्य म्हणते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर विनोद केल्याची पुसटशीही खूण नसते, आणि पॉलची भूमिका करणारे बार्टेल स्वतः वाणसामानाच्या यादीत एक जिन्नस वाढल्याइतक्या सहजतेने ते ऐकून घेतात. खुनाबद्दल दोघांच्या मनात काडीची टोचणी नाही, पण भांड्याच्या स्वच्छतेबद्दल आहे. पापपुण्याचा हिशेब सोडून केवळ टापटीप आणि शिष्टाचार यांनाच नीती समजणारी माणसे इतक्या नेमकेपणाने दाखवलेली मी क्वचितच पाहिली आहेत.

डोरिसचा प्रसंगही याच जातीचा आहे. पुरुषांना चाबकाने फोडून काढणे हा जिचा व्यवसाय, तिच्याकडे हे जोडपे सल्ला घ्यायला जाते, तर ती एका साध्या घरात मुलाला भरवत बसलेली असते आणि धंद्यातल्या खाचाखोचा पाककृती सांगावी तशा सांगते. चित्रपटात ज्यांना विकृत म्हटले आहे ती माणसे समजूतदार निघतात आणि जे स्वतःला सभ्य म्हणवतात ते खुनी, ही उलटापालट बार्टेल यांनी भाषणबाजी न करता साधली आहे.

शृंगार आणि बीभत्स हे रस एकमेकांचे विरोधी आहेत असे आपले रसशास्त्र सांगते. येथे ते दोन्ही एकाच ताटात वाढलेले आहेत आणि दोघांची चव जाणूनबुजून बिघडवली आहे, त्यामुळे हसू येते ते अवघडल्यासारखेच येते. त्याने ज्यांना मळमळेल त्यांना मी दोष देणार नाही.

दिग्दर्शनातील सपाटपणा हा निम्मा हेतू आणि निम्मी परिस्थिती होती, असे मला वाटते. बार्टेल यांनी 1975 साली निर्माते रॉजर कॉर्मन यांच्यासाठी ‘डेथ रेस 2000’ केला होता, पण या कथेवर पैसे लावायला कॉर्मन तयार झाले नाहीत. मग आईवडिलांनी घर विकून हातभार लावला, दुसऱ्यांच्या चित्रीकरणातून उरलेल्या फिल्मच्या तुकड्यांवर काम भागवले, आणि पैसे येतील तसतसे चित्रीकरण होत राहिले. अशा कामात कॅमेऱ्याच्या करामती परवडत नाहीत. परिणामी बरीच दृश्ये एखाद्या नाटकातल्या दिवाणखान्यासारखी समोरून, स्थिरपणे घेतलेली दिसतात, आणि ब्लँड जोडप्याच्या ठोकळेबाज आयुष्याला तीच चौकट शोभते. हाती भरपूर पैसा असता तर गरम पाण्याच्या टबात विजेचा हीटर टाकून एका झटक्यात अख्खी पार्टी गारद करण्याचा प्रसंग ठिणग्यांनी आणि किंकाळ्यांनी भरून गेला असता, आणि वाया गेला असता.

चित्रपटात जे खरोखर खटकते ते वेगळे आहे. मेरीवर वारंवार होणारे बळजबरीचे प्रयत्न केवळ पुढच्या टोल्याची पूर्वतयारी म्हणून वापरले आहेत, आणि तिसऱ्या वेळी तरी लेखकाने दुसरी काही युक्ती शोधायला हवी होती असे वाटते. पुढे जोडप्याच्या या धंद्यात भागीदार होणारा राऊल हा मेक्सिकन वंशाचा कुलूपवाला चोर आहे, लंपट आहे, गांजा ओढतो, म्हणजे त्या काळच्या अमेरिकेतल्या गोऱ्या प्रेक्षकाच्या मनात जे जे होते ते सगळे त्याच्या माथी मारलेले आहे. त्याला घाबरवण्यासाठी डोरिसला इमिग्रेशन अधिकारी म्हणून पाठवण्याचा विनोद ब्लँड मंडळींचे ढोंग उघडे पाडत नाही, उलट त्यांच्याच बाजूने हसतो, आणि म्हणून तो मला हीन वाटतो. आचरटपणा बलवानाच्या अंगावर गेला तर मी त्याला पुष्कळ मोकळीक देईन; येथे तो उलट दिशेने गेला आहे.

गंमत अशी की राऊल झालेला रॉबर्ट बेल्ट्रान हाच या सगळ्यांत जिवंत माणूस वाटतो. प्रेते तो कुत्र्यांचे खाद्य बनवणाऱ्यांना विकतो, गाड्या परस्पर खपवतो, मेरीवर जीव टाकतो, आणि ब्लँड जोडप्यापेक्षा धंदा त्यालाच अधिक कळतो. तो मेरीसाठी पॉलचा काटा काढायला निघतो तेव्हा शेवटचा टोला त्याच्याच डोक्यात बसतो. रेस्टॉरंटसाठी पाहिलेल्या घराचा दलाल जेवायला येणार आणि घरात शिजवायला काही नाही, या अडचणीतून पुढचा बेत आपसूक ठरतो. दलाल जेवणाची तारीफ करतो, आणि यजमान ती विनयाने स्वीकारतात.

ब्लँड जोडप्याची पुढची कहाणी सांगणारा दुसरा भाग काढण्याचे घाटत होते. तो झाला नाही, आणि 2000 साली बार्टेल गेले. मला त्याची फारशी हळहळ वाटत नाही. रेस्टॉरंट मिळाल्यावर या दोघांना हवे असे काही उरत नाही, आणि हाव संपलेल्या ब्लँड जोडप्याला पॅन उचलायला लावायचे तर नवे कारण हुडकावे लागले असते.