तेल ओतताना नरसाळं लावायला काय जातं?

‘इंजिन म्हटलं की तेलकट असणारच’ हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही. का असणार? तेल इंजिनाच्या आत फिरण्यासाठी असतं. ते बाहेर दिसत असेल तर एक तर कुणीतरी सांडलंय, नाही तर कुठून तरी गळतंय. त्यावर धूळ बसते, उष्णतेने ते आटतं, पुन्हा तेल, पुन्हा धूळ, आणि शेवटी बोटाच्या पेराएवढा काळा, चिवट थर तयार होतो. हा थर नुसता जुनेपणामुळे येत नाही. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी ज्याने ज्याने फडकं फिरवायचा कंटाळा केला, त्या सगळ्यांचा आळस त्यात साठलेला असतो. आणि तो खरवडायला सुट्टीच्या दिवशी मी गुडघ्यांवर!

सगळ्यात जास्त चीड येते ती तेल बदलणाऱ्यांची. कॅन उचलायचा, तोंड भोकाच्या जवळपास न्यायचं आणि ओतायचं. नरसाळं समोर टांगलेलं असतं, ते घ्यायला दोन पावलं चालावं लागतं, म्हणून घेत नाहीत. तेल टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरून, ओघळतं, मागच्या बाजूने खाली उतरतं, आणि वर झाकण लावून बॉनेट धाडकन आपटलं की यांचं काम संपलं. ऑइल फिल्टर काढतानाही तेच. फिल्टर सुटला की त्यातलं जुनं तेल खाली सांडणार हे शेंबड्या पोरालाही कळेल. खाली एक चिंधी धरा, ट्रे सरकवा. नाही! ते तेल सरळ ज्यावर इंजिन बसवलेलं असतं त्या माउंटिंगच्या रबरावर. रबराला तेल सोसत नाही, ते फुगतं आणि मऊ पडतं. मग काही काळाने गाडी उभी असताना स्टिअरिंग थरथरायला लागतं, आणि तोच माणूस गंभीर चेहऱ्याने सांगतो, ‘माउंटिंग गेलंय, बदलावं लागेल.’ अरे, ते तूच घालवलंस ना!

बरं, तक्रार केली की उपाय काय सांगतात? ‘प्रेशरने धुऊन देतो, दहा मिनिटांत चकाचक.’ हात लावू नका माझ्या इंजिनाला. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला हवा खेळण्यासाठी चहूबाजूंनी फटी असतात, पाणी सरळ आत जातं. वायरिंगच्या कनेक्टरना रबरी सील असतं, पण ते रस्त्यावरच्या शिंतोड्यांसाठी. वर्षानुवर्षं उष्णतेत कडक झालेलं ते सील प्रेशर गनचा फवारा थोडंच अडवणार? पाणी आत शिरतं, तिथेच बसतं, पिनांवर हिरवट गंज चढतो. स्पार्क प्लगच्या खोबणीत पाणी साचलं तर गाडी झटके खात मिसिंग करते ती वेगळीच. आणि हा बिघाड त्याच दिवशी दिसेल असं नाही. कधीतरी भर रस्त्यात चेक इंजिनचा दिवा लागतो, तेव्हा तो धुणारा तुमच्यासोबत नसतो.

दुसरा उपाय तर त्याहून संतापजनक. डिझेल मारा! ब्रशने डिझेल फासायचं, काळं पाणी ओघळलं की खूश. डिझेल सुकून निघून जात नाही, पातळ तेलकट पापुद्रा मागे ठेवतं. त्यावर आधीपेक्षा जास्त धूळ चिकटते. रबरी होजची वाट लागते. आणि कहर म्हणजे हे गरम इंजिनावर करतात. डिझेलची वाफ साधारण ५५ अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी होते, आणि चालून आलेल्या इंजिनातलं कूलंटच ९० अंशांच्या आसपास असतं. शेजारी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ, तो तर कितीतरी जास्त तापलेला. हातात डिझेलचा डबा घेऊन तिथे उभं राहणाऱ्याला कुणी थांबवत कसं नाही?

म्हणून मी स्वतः करतो. इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं. अल्टरनेटर, स्पार्क प्लगची कॉइल, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड, सगळ्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या घट्ट बांधायच्या. आधी कोरडंच खरवडायचं, कारण थर तसाच ठेवून वर डीग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारं द्रावण, मारला तर त्याचा नुसता चिखल होतो. डीग्रीझरही पाण्यात मिसळणारा घ्यायचा, आणि सुकायच्या आत पुसायचा, नाही तर ॲल्युमिनियमवर पांढरट डाग पडतात. मग जुना टूथब्रश, ओलं फडकं, पुन्हा ब्रश, पुन्हा फडकं. पाणी लागेल तेवढंच, हलक्या धारेने.

आणि हे करायला जागा कुठे आहे? ज्यांनी या गाड्यांची रचना केली त्यांनी एकदा तरी आपला हात त्या फटीत घालून पाहावा. इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याच्या, बाजूला, जिथे सगळ्यात जास्त घाण साचते, तिथे फक्त दोन बोटं जातात. मनगट क्लॅम्पच्या धारेवर घासतं. कोपर खाली असल्यामुळे काळं पाणी मनगटावरून बाहीच्या आत उतरतं. खालचं गार्ड काढावं तर त्याच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा उष्णतेने इतक्या ठिसूळ झालेल्या असतात की पेचकस लावला की तुकडा पडतो. आणि या सगळ्यावर वरून एक मोठं काळं प्लॅस्टिकचं कव्हर बसवून दिलेलं असतं. बॉनेट उघडल्यावर सगळं छान दिसतं, खाली काय चाललंय ते मालकाला कळतच नाही.

यंदा टॅपेट कव्हर आणि त्याखालचं हेड यांच्या मधल्या खाचेतलं काळं मेण लाकडी काडीने उकरून काढलं. चंदेरी धातू दिसेपर्यंत पुसलं, सगळं वाळू दिलं, इंजिन चालू करून टॉर्च धरून बघत बसलो. मागच्या कोपऱ्यात, त्या दोघांमधल्या पॅकिंगच्या कडेला, एक बारीक ओली रेघ उमटली. स्वच्छ, मधाच्या रंगाची. पुसली, पुन्हा आली. तिच्या बरोबर खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. म्हणजे सिग्नलला उभं राहिलं की गाडीत जो जळका वास यायचा तो हा! मी तो वास येतो म्हणून गॅरेजमध्ये सांगितलं होतं. ‘जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच,’ असं उत्तर मिळालं होतं. तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल ठिबकतंय, इंजिनाला आग लागायला यापेक्षा वेगळं काय लागतं? ते पॅकिंग रबराचं असतं, उष्णतेने कडक होतं, बदलायचं असतं, हे त्या माणसाला माहीत नव्हतं असं मी मानूच शकत नाही. एवढ्या घाणीत बघायचं कोण, हाच प्रश्न होता.

यासाठीच इंजिन स्वच्छ ठेवायचं असतं! चमकायला नाही. स्वच्छ इंजिनावर गळती लगेच दिसते. कूलंटचा वाळलेला डाग दिसतो, होजला गेलेली चीर दिसते, बॅटरीच्या टर्मिनलवर चढलेली पांढरी बुरशी दिसते. ऑइल सील गेलंय की पॅकिंग, हे अंदाजाने नाही, बघून सांगता येतं. थर साचलेल्या इंजिनावर सगळंच काळं, आणि मग अंदाजाने पार्ट बदलत बसायचं. भुर्दंड अर्थातच मालकाला.

तेव्हा जे इंजिनाला हात लावतात त्यांच्याकडे माझी मागणी अगदी साधी आहे. सांडलं तर पुसा. फिल्टर काढताना खाली काहीतरी धरा. गळती दिसली तर तोंड उघडून सांगा. आणि धुऊन झाल्यावर तो सिलिकॉनचा चमकवायचा स्प्रे मारून आणू नका. तो बेल्टवर गेला तर बेल्ट घसरतो, धूळ त्याच्यावर दुप्पट चिकटते, आणि ताजी गळती कुठली नि तुमची चमक कुठली, हे मला ओळखता येत नाही.