भोकाचा इतिहास

"जरा बाजूला व्हा, गोळी झाकली जातेय."

गेल्या रविवारी हे वाक्य मला ऐकवण्यात आलं, आणि मी उभा होतो माझ्याच जीपला टेकून.

प्रदर्शन जुन्या गाड्यांचं होतं. जीप माझी, फोर्ड जीपीडब्ल्यू, १९४३ ची. चार वर्षं गंज खरवडून, पत्रे ठोकून, हाताची सालं काढून उभी केलेली. पुढे एक फलक ठेवला होता : 'युद्धकाळातील कामगिरी : शोध सुरू आहे.' त्या फलकापाशी सकाळपासून एकच माणूस थांबला होता, आणि त्यानेही स्वच्छतागृह कुठे आहे एवढंच विचारलं.

मग ते गृहस्थ आले. डोक्यावर खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण. पाच फुटांवर उभ्या असलेल्या गाड्या बघायला दुर्बीण कशाला लागते, हे मला अजून उमगलेलं नाही. त्यांनी जीपला एक चक्कर मारली, चालकाच्या सीटमागच्या पत्र्यातल्या भोकात तर्जनी घातली आणि कोणी न विचारता सुरुवात केली.

"नॉर्मंडी, फ्रान्सचा किनारा. सहा जून चव्वेचाळीस, दोस्त सैन्य उतरलं तो दिवस. गोळी इथून आत शिरली, ड्रायव्हरच्या बरगडीला चाटून गेली."

बघता बघता दहाबारा माणसं जमली. मी खाकरलो.

"अहो, ते भोक मी पाडलंय."

"आपण कोण?"

"मालक."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

"म्हणजे चव्वेचाळीस साली आपण नव्हता."

"नव्हतो."

"मग?"

या 'मग'ला काय उत्तर द्यायचं? तरी मी दिलं. आग विझवायचं नळकांडं बसवायला खाच हवी होती, माप चुकलं, चार बोटं खाली दुसरं भोक पाडलं, आणि हे पहिलं 'उद्या बुजवू' म्हणून दोन वर्षं तसंच राहिलं. ड्रिलने पाडलं, दहाचं बिट लावून.

"पावती आहे?"

"भोकाची?"

"बिटाची."

पावती नव्हती. ते जमलेल्यांकडे वळले आणि एवढंच म्हणाले, "बघा." बायकामंडळी माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागली, की जणू शहिदाच्या जखमेवर मी हक्क सांगत होतो.

खरं सांगतो, मला लागलं ते इथं. गेली सहा वर्षं पुरावा मागत फिरणारा माणूस मी आहे. या जीपचं बोनेट मी पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासलंय, एकेक थर, नखाएवढ्या चौकोनात. वरचा हिरवा गेला, खाली कोणा शौकिनाचा लाल लागला, त्याच्याखाली निळा, मग कुठे तो मळकट लष्करी हिरवा. अमेरिकी सैन्यात जीपचा नोंदणी क्रमांक बोनेटच्या बाजूला रंगवलेला असे आणि त्याची सुरुवात २० ने होई. आधी हे आकडे निळसर रंगात काढत, पांढरे पुढे आले. रात्री दीड वाजता बॅटरीच्या उजेडात मला निळसर २ दिसला. मग ०. घरातल्या सगळ्यांना उठवलं. मग ३. आणि त्यापुढे पत्र्यावर फक्त ग्राइंडरच्या गोल रेघा. कुठल्या तरी जुन्या मालकानं पत्रा चकाचक करायला सगळं खरवडून काढलं होतं. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही हे त्याचं नशीब.

इंजिनाकडून आशा होती. जीपीडब्ल्यूच्या चासीवर डाव्या पट्टीवर जो क्रमांक ठोकलेला असतो, तोच कारखान्यातून निघताना इंजिनावर असे. माझ्या चासीचा क्रमांक फोर्डचा आणि इंजिन विलीसचं, म्हणजे तीच जीप बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीचं. यात घोटाळा काही नाही, लष्कराच्या दुरुस्तीशाळेत हाताला येईल ते इंजिन बसवून गाडी बाहेर काढत. समोर लढाई असताना माझी सोय बघायला कोण बसलं होतं?

मग एका अभिलेखागाराला पत्र लिहिलं. नाव घेत नाही, अजून एक अर्ज तिथे पडून आहे. त्यांनी छापील नमुना धाडला. त्यात रकाना होता : 'मृत व्यक्तीशी नाते.' मी लिहिलं, 'मालक.' सात महिन्यांनी अर्ज परत आला, शेरा मारून : 'नात्याचा पुरावा जोडावा.'

हे दुःख कोणाला सांगावं तर जो तो एकच सांगतो, "अहो, ते सगळं आगीत गेलं ना." आग लागली हे खरं. १२ जुलै १९७३ ला अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या लष्करी नोंदींच्या इमारतीत लागली आणि दीड कोटीहून जास्त फायली जळाल्या. पण त्या माणसांच्या होत्या. सैनिक होते, खलाशी नव्हते, जीप तर नव्हतीच नव्हती. माझ्या जीपची फाईल जळायला आधी कोणी ती उघडायला हवी होती. जीप म्हणजे बूट, फावडी, तशातली वस्तू. सहा लाखांवर बनवल्या, वापरल्या, मोडल्या. तुकडीच्या दैनंदिनीत किती गाड्या गेल्या हे सापडेल, पण कुठली गेली हे कोण लिहील?

आणि तरी कुठल्याही प्रदर्शनात जा, प्रत्येक जीप नॉर्मंडीला उतरलेली. बंपरवर छत्रीधारी डिव्हिजनचे आकडे रंगवलेले, डॅशबोर्डवर हव्या त्या तारखेची पट्टी, नवी कोरी ठोकून मिळते. या सहा लाखांतली एखादी तरी कुठल्या तळावर साहेबांचं टपाल वाटत फिरली असेल की नाही? बहुधा ती माझीच. असू दे. मला टपालही चालेल, फक्त तसं कुठंतरी लिहिलेलं हवं.

इकडे गृहस्थ बोल्टांपर्यंत पोचले होते. एका बोल्टच्या डोक्यावरचं एफ अक्षर त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं. हो, दुर्बिणीतून.

"एफ. फ्रान्स."

"फोर्ड," मी म्हणालो. "ते आपल्या सुट्या भागांवर एफ ठोकत."

"कोणी बोल्टवर स्वतःचं नाव घालतं का?" लोक हसले. "आणि जीपीडब्ल्यू माहितीये? जनरल पॅटन, वॉर."

आता मात्र माझा तोल गेला. जी म्हणजे सरकारी काम, पी म्हणजे ऐंशी इंचांचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), डब्ल्यू म्हणजे मूळ रचना विलीसची, हे मी जरा मोठ्यानंच सांगितलं. मागच्या रांगेतले दोघं निघून गेले. मी हुकमाचं पान टाकलं. "आणि पॅटन सहा जूनला नॉर्मंडीत नव्हताच. तो महिन्यानं आला."

"बरोबर," ते शांतपणे म्हणाले. "जीप आधी पाठवली."

टाळी पडली. खरोखर पडली. मग फोटो सुरू झाले, लोक भोकाशेजारी बोट धरून उभे राहू लागले, आणि त्यातच ते वाक्य आलं. मी बाजूला झालो. काय करणार, गोळी झाकली जात होती.

संध्याकाळी आवराआवर करताना आरडाओरडा ऐकू आला. पाचसहा वर्षांच्या एका पोरानं भोकात बोट घातलं होतं आणि कडेला ते कापलं होतं. कड मी घासलेली नव्हती, तेही उद्यावरच होतं. आई घाबरीघुबरी झाली होती.

"ऐंशी वर्षांचा गंज असेल हो त्यात! धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागेल का?"

"अहो वहिनी, ऐंशी वर्षं कसली," मी म्हणालो. "भोक दोनच वर्षांचं आहे. मी स्वतः पाडलंय. पत्राही नवाच आहे, गंज नाही."

त्यांचा चेहरा सैल झाला. दिवसभरात माझ्या संशोधनावर विश्वास ठेवणारं ते पहिलं माणूस. मला भरूनच आलं.

मागून आवाज आला, "छे छे. चव्वेचाळीसचीच गोळी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, दुर्बिणीकडे पाहिलं, पोराला कडेवर घेतलं आणि तडक दवाखाना गाठला.