वळीव पडला म्हणून तणनाशक गेलं?

पेरणी तोंडावर आली की शेतीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'तणनाशक मारल्यावर एक जोराचा पाऊस झाला की धुऊन जातं. उन्हाळ्यात तर उन्हानं जळूनच जातं. ३० दिवसांनी कुठल्याही रानात कुठलंही पीक बिनधास्त पेरा.' टू-फोर-डी या तणनाशकापुरतं हे बरंचसं चालून जाईल. ओल्या, उबदार मातीत ते काही आठवड्यांत संपतं. पण उसाच्या लावणीत आणि मक्यात आपण मारतो ते ॲट्राझिन हे दुसरं तणनाशक, आणि त्याला यातलं काहीच लागू पडत नाही.

'पावसानं धुऊन जातं.' ॲट्राझिन लिटरभर पाण्यात जेमतेम ३३ मिलिग्रॅम विरघळतं. एका वळवानं रान कोरं होत नाही. आणि जे वाहतं ते ओढ्याला नाहीतर विहिरीला लागतं. भूजलात सापडतं म्हणूनच युरोपीय संघानं २००४ साली त्याला मान्यता नाकारली. पावसाचा खरा उपयोग वेगळा: ओल आली की मातीतले जिवाणू कामाला लागतात, आणि औषध मोडतात ते मुख्यतः जिवाणूच.

'उन्हानं जळतं.' अगदी वरच्या पापुद्र्यातलं, थोडंफार. त्याखाली ऊन पोचतच नाही. उलट एप्रिल-मेच्या भेगाळलेल्या रानात ओल नसते, जिवाणू सुस्त पडतात आणि औषध होतं तिथंच राहतं. उन्हाळी लावण फसली म्हणून ऊस मोडून जूनमध्ये सोयाबीन टाकणारा इथंच अडकतो.

'कुठल्याही रानात.' ही थाप सगळ्यात महागात पडते. कोल्हापूर जिल्ह्यातलंच बघा: गगनबावडा-शाहूवाडीकडची तांबडी माती आम्लधर्मी. तिथं ॲट्राझिन जिवाणूंशिवाय, नुसत्या रासायनिक क्रियेनंही मोडतं, आणि मातीच्या कणांना जास्त चिकटून बसल्यानं मुळांना कमी लागतं. शिरोळकडच्या चोपण (सोडियम साचून घट्ट झालेल्या) रानात सामू, म्हणजे मातीचा पीएच, आठाच्या वर गेला की दोन्ही गोष्टी उलट्या: मोडतंही सावकाश आणि पिकाला लागतंही जास्त. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुतेक चोपण पाहिलेलंच नाही.

'३० दिवस.' ॲट्राझिन निम्मं व्हायलाच ढोबळमानानं ६० दिवस धरतात. १२० दिवसांनीही पाव हिस्सा शिल्लक. कोरड्या चोपणात त्याहून जास्त.

शंका असेल तर पेरणीच्या तीन आठवडे आधी रानातली वरची चार-पाच बोटं माती दोन-तीन ठिकाणांहून घेऊन एका डब्यात भरा. दुसऱ्या डब्यात तशीच, पण औषध न लागलेली माती. दोन्हीत सोयाबीनचे दहा-दहा दाणे टोकून उन्हात ठेवा, ओल मोडू देऊ नका. उगवण दोन्हीकडं सारखीच दिसेल. त्यावर जाऊ नका. ॲट्राझिन बी उगवू देतं, ते पानाचं अन्न तयार करणं बंद पाडतं. दाण्यातला साठा संपला की पंधरवड्याच्या आसपास खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपायला लागतात. तसं दिसलं तर यंदा त्या रानात मकाच टाका. त्याला ॲट्राझिन पचतं.