शस्त्रक्रियेनंतरची चेहऱ्याची सूज : ‘तीन दिवसांच्या घरगुती उपाया’ला उत्तर

तुळशीचे लग्न होऊन लग्नसराई सुरू होण्याच्या सुमारास पुण्यातील सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. नाकाची, पापण्यांची किंवा चेहऱ्याची त्वचा ताणून घेण्याची (फेसलिफ्ट) शस्त्रक्रिया झालेल्यांनी पहिल्या दिवसापासून हळदीच्या गरम पाण्याने शेक घ्यावा. बर्फ लावू नये, कारण त्याने रक्त साकळते. दुखल्यास डिस्प्रिन घ्यावी, म्हणजे रक्त पातळ होऊन काळेनिळे डाग विरतात. दुसऱ्या दिवसापासून तेलाने चोळावे, पाणी कमी प्यावे, अननस खावे आणि एकच बाजू जास्त सुजली तर तिथे शेक वाढवावा, असे त्यात सांगितलेले असते. एवढे केल्यावर तिसऱ्या दिवशी सूज उतरते आणि न उतरल्यास डॉक्टरने काम बिघडवले असे समजावे, हा त्याचा शेवट. अशा रुग्णांच्या शुश्रूषेचे काम मी करते, त्यामुळे या संदेशाकडे मला दुर्लक्ष करवत नाही. त्यातील काही विधाने नुसती चुकीची आहेत, काही जखमेला इजा करणारी आहेत आणि एक तर माणसाची दृष्टी घालवू शकेल असे आहे.

तिसऱ्या दिवसापासूनच सुरुवात करते. शस्त्रक्रियेत पेशींना इजा झाली की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातील द्रव आजूबाजूच्या ऊतींत झिरपतो. त्याच वेळी हा द्रव परत वाहून नेणाऱ्या लसवाहिन्याही कापल्या गेलेल्या असतात, त्यामुळे तो तिथेच साठून राहतो. म्हणूनच सूज पहिल्या दिवशी कमी दिसते, नंतर वाढते आणि साधारण 48 ते 72 तासांनी सर्वांत जास्त असते. संदेश ज्या दिवशी चेहरा पूर्ववत होईल असे सांगतो, नेमक्या त्याच दिवशी तो सर्वांत सुजलेला असतो. घरातले लोक तो संदेश वाचून बसलेले असतात, रुग्ण आरशासमोर उभा राहतो आणि सगळे बरोबर चाललेले असताना आपले वाटोळे झाले असे त्याला वाटू लागते. हे दुःख पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून मला त्याचा जास्त त्रास होतो.

काळ्यानिळ्या डागांचेही तसेच आहे. ऊतींत सांडलेल्या रक्तातील हिमोग्लोबिन विघटित होताना आधी हिरवट बिलिव्हर्डिन आणि नंतर पिवळे बिलिरुबिन तयार होते, म्हणून जांभळा डाग हिरवा आणि मग पिवळा होत जातो. याला बहुधा दहा ते चौदा दिवस लागतात. हे रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते, त्यामुळे फेसलिफ्टनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मानेवर निळसरपणा दिसला तर ती नवी इजा नसते. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर डाग गेल्यानंतरही काही काळ तपकिरी छटा राहू शकते आणि ऊन लागल्यास ती गडद होते. लग्नाची तारीख समोर असेल तर हा हिशेब आधी करावा. फेसलिफ्टनंतर चारचौघांत वावरण्यासारखा चेहरा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. नाकाच्या शेंड्याची सूज, विशेषतः त्वचा जाड असेल तर, पूर्ण उतरायला वर्षही लागते.

आता शेक आणि बर्फ यांविषयी. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तपुरवठा वाढतो आणि नुकतेच थांबलेले रक्त पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस गरम शेक हा नेमका उलटा उपाय आहे. शिवाय शस्त्रक्रियेनंतर त्वचा बरेच दिवस बधिर असते, पाणी किती गरम आहे हे तिला कळत नाही आणि भाजल्याचे लक्षात येईपर्यंत फोड आलेला असतो. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि सूज व वेदना काही प्रमाणात कमी होतात. पण थंड पट्टीचीही शिस्त आहे. बर्फ थेट त्वचेवर ठेवायचा नाही. स्वच्छ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवायचा आणि काढायचा, कारण बधिर त्वचेला बर्फानेही इजा होते. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर पट्टी गालांवर आणि डोळ्यांभोवती ठेवतात, नाकावर वजन येऊ देत नाहीत. फेसलिफ्टमध्ये उचललेल्या त्वचेचा रक्तपुरवठा नाजूक असल्याने अनेक सर्जन तिथे बर्फ लावूच देत नाहीत. तेव्हा या बाबतीत शेवटचा शब्द ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांचा.

याच मुद्द्यावर संदेशात पुण्याच्या इतिहासाची साक्ष काढलेली असते : दोनशे वर्षांपूर्वी इथे नाके जोडली जात तेव्हा हळदीचा गरम शेकच देत, असे त्यात म्हटलेले असते. पुण्याजवळ अशी शस्त्रक्रिया झाली हे खरे आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती होती. इंग्रजांच्या सैन्यासाठी बैल हाकणारा कावसजी 1792 च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेतून त्याला नवे नाक करून दिले. त्याचा वृत्तांत लंडनमधील एका मासिकात ऑक्टोबर 1794 मध्ये छापून आला आणि युरोपातील शल्यवैद्यांनी ही पद्धत त्यावरून उचलली. पण त्या वृत्तांतात गरम शेक नाही. जोड धरून ठेवण्यासाठी पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून लावला होता, चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेले कापड ठेवले होते आणि रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे झोपवून ठेवले होते. म्हणजे जखम न हलवता, न चोळता, स्वस्थ राहू दिली होती. पुण्याची परंपरा सांगायचीच असेल तर ही सांगावी.

डिस्प्रिनचा सल्ला मात्र धोकादायक आहे. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. ते प्लेटलेट्सचे, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या सूक्ष्म रक्तकणांचे, काम कायमचे बंद पाडते आणि नव्या प्लेटलेट्स तयार होईपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तो परिणाम टिकतो. रक्त ‘पातळ’ झाल्याने सांडलेले रक्त विरत नाही, उलट आणखी सांडते. आयबुप्रोफेनचाही, म्हणजे ते असलेल्या कॉम्बिफ्लॅमसारख्या गोळ्यांचाही, थोड्या काळापुरता असाच परिणाम होऊ शकतो, म्हणून वेदनेसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेले औषधच घ्यावे. ‘ई’ जीवनसत्त्व, माशाचे तेल, लसूण आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेत असाल तर तेही शस्त्रक्रियेआधीच सांगावे. आमटीतली हळद आणि फोडणीतला लसूण यांना कोणी हरकत घेत नाही. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असलेल्यांनी मात्र ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून घ्यायचा असतो.

चोळण्याबद्दल थोडक्यातच सांगते. नाकाची हाडे नव्याने बसवलेली असताना किंवा त्वचा खालच्या थराला अजून चिकटलेली नसताना चोळल्याने जोड सरकतात आणि तेलाने टाक्यांची जागा अस्वच्छ होते. काही आठवड्यांनंतर सर्जन स्वतः मालीश शिकवतात, ती वेळ त्यांनीच ठरवावी. दुचाकीवर बांधतो तसा स्कार्फ घट्ट आवळूनही सूज ‘दबत’ नाही, उलट त्वचेचा रक्तपुरवठा अडतो.

पाणी कमी पिण्याने सूज उतरत नाही. पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठ कमी केल्याने थोडा फरक पडतो. सूज उतरवते म्हणून सांगितले जाणारे अननसातील ब्रोमेलेन हे द्रव्य मुख्यतः देठात असते, चार फोडी खाऊन औषधाइतकी मात्रा मिळत नाही. आवडत असेल तर अननस जरूर खावा. संदेशात जिचा उल्लेखच नाही ती गोष्ट मात्र फार मोठी आहे : तंबाखू. निकोटिनमुळे त्वचेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि फेसलिफ्टनंतर त्वचेचा काठ काळा पडून मरण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. ‘मी सिगारेट ओढत नाही’ असे सांगणाऱ्या कित्येक मावश्या आणि काकू रोज सकाळी मशेरी लावतात, आणि ती कोणी तंबाखूत मोजत नाही. हिरड्यांतूनही निकोटिन रक्तात जाते. मशेरीबद्दल डॉक्टरांना न लाजता सांगावे.

खरोखर उपयोगी पडतो तो साधा उपाय संदेशात नाही : उशा रचून डोके 30 ते 45 अंश उंच ठेवून उताणे झोपणे. खाली वाकणे, जड बादली उचलणे, कुंथणे आणि नाक जोराने शिंकरणे या सगळ्याने चेहऱ्यातील दाब वाढतो, म्हणून ते काही आठवडे टाळावे.

आता एका बाजूच्या सुजेकडे येते. दोन्ही बाजू थोड्या कमीजास्त सुजणे नेहमीचे आहे. पण एक बाजू एकाएकी फुगू लागली, टणक झाली आणि वेदना औषधाने न थांबता वाढत गेली, तर त्वचेखाली रक्त साठत असल्याची शक्यता असते. फेसलिफ्टनंतर हे बहुतेक वेळा पहिल्या 24 तासांत घडते. पुरुषांत आणि रक्तदाब वाढलेल्यांत अधिक. साठलेले रक्त वेळेत काढले नाही तर वरची त्वचा मरू शकते, आणि संदेश त्याच जागी उष्णता वाढवायला सांगतो. पापण्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तर डोळ्याच्या मागे रक्त साठून डोळ्याच्या मज्जातंतूवर दाब येऊ शकतो : तीव्र वेदना, डोळा पुढे आल्यासारखा वाटणे, अंधूक किंवा दुहेरी दिसणे. हे क्वचित घडते, पण दीड-दोन तासांत दाब उतरवला नाही तर दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा वेळी शेक नाही, गोळी नाही आणि सकाळची वाटही पाहायची नाही.

म्हणून घरी सोडताना रात्री उचलला जाणारा फोन क्रमांक रुग्णालयाकडून मागून घ्यावा आणि पहिल्या रात्री रुग्णाजवळ एक माणूस जागे ठेवावे, त्याने अधूनमधून दिवा लावून दोन्ही गाल ताडून पाहावेत आणि पापण्यांची शस्त्रक्रिया असेल तर प्रत्येक डोळ्याने बोटे मोजता येतात का ते विचारावे. शस्त्रक्रिया गणेशोत्सवाच्या दिवसांत ठरली असेल आणि घर पेठांत असेल, तर मध्यवर्ती रस्ते बंद असताना रुग्णालयात कोणत्या वाटेने पोहोचायचे हेही आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे.