झालं? मग ही आणखी वीस घे!

मूल हुशार निघालं की लोक आईबापांचं अभिनंदन करतात. करणाऱ्यांनी एकदा पालकसभेत माझ्या जागी बसून पाहावं.

“हुशार आहे हो,” बाई म्हणतात, आणि त्या ‘हो’मध्येच तक्रार असते. “पण चुळबूळ फार. स्वतःचं झालं की शेजारणीचं सोडवून देते.” यावर शाळेचा उपाय तयार असतो : लवकर झालं की त्याच जातीची आणखी वीस गणितं. पहिली बरोबर आली, त्याची शिक्षा. कार्टी लवकरच शहाणी झाली. हल्ली ती पेन्सिलीला टोक करत करत, सगळ्यांच्या शेवटी वही देते. प्रगतिपुस्तकात शेरा आला : ‘वर्तनात सुधारणा.’

धड्याआधीच चाचणी घ्यावी, येतंय ते गाळावं आणि वाचलेल्या वेळात काही अवघड द्यावं. नाहीतर त्या एका विषयापुरतं वरच्या वर्गात बसवावं. दोन्ही मी नम्रपणे सुचवलं. बाईंनी भरलेल्या बाकांवरून नुसती नजर फिरवली. एवढी पोरं आणि त्या एकट्या. मी माझी नम्रता घेऊन परत आलो.

नातेवाईक म्हणतात, “बुद्ध्यांक काढून घ्या.” त्यांना मी ल्युइस टर्मनची गोष्ट सांगतो. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1921 मध्ये चाचण्या घेऊन अलौकिक बुद्धीची मुलं वेचायला घेतली. शॉकली आणि अल्वारेझ ही दोन पोरं त्याच्या चाळणीतून खाली पडली. पुढे एकाला 1956 चं, दुसऱ्याला 1968 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. वेचलेल्यांत नोबेल कुणालाच नाही. “मग काढाच,” नातेवाईक म्हणतात, “नापास झाली तर बरंच!”

शाळेत न वापरलेली सगळी बुद्धी घरी, दिवा मालवल्यावर बाहेर पडते.

“बाबा, शून्यानं भागलेलं का चालत नाही?”

“नाही चालत.”

“कुणाला?”

शेवटी एका रात्री झोपेच्या लोभानं मी कोलाट्झचं कोडं काढलं. कोणतीही संख्या घे. सम असली तर निम्मी कर, विषम असली तर तिप्पट करून एक मिळव. असंच करत राहायचं. कुठूनही निघा, शेवटी 1 येतोच असं वाटतं. पण ते अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही.

तिनं नेमका 27 निवडला. शेजारचा 26 दहा पायऱ्यांत आटपतो. हा 27 मात्र 9232 पर्यंत चढतो आणि 111 पायऱ्यांनंतर 1 वर येतो. मध्येच तिची बेरीज चुकली. मग चिडचिड, खोडाखोड, वही भिरकावणं, ती मुकाट्यानं उचलून आणणं. मला झोप लागेना. पोरीला एखादी गोष्ट पटकन जमत नाही, हे दृश्य मला नवीन होतं आणि, बाप असूनही सांगतो, अतिशय सुखद होतं.

वही शाळेत गेली. शेरा घेऊन परत आली. मी मोठ्यानं वाचला : ‘गणिताच्या तासाला भलतेच आकडे मांडत बसते. पालकांनी लक्ष द्यावे.’ आणि खाली, बारीक अक्षरात : ‘31 ला किती पायऱ्या?’

“एकशे सहा!” कार्टी आतून ओरडली. “तो 27 च्याच वाटेवर लागतो. पण बाईंना सांगू नकोस हं, त्यांचं त्यांना काढू दे.”